१२,१५० शिशाच्या लाइन, आणि रस्ता शक्यतो न उकरता: लान्सिंगचं प्रकरण

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लान्सिंग शहराने जमिनीखालची आपली शेवटची शिशाची नळजोडणी बाहेर काढली. काम सुरू झालं होतं २००४ ला. बारा वर्षांत १२,१५० लाइन बदलल्या आणि खर्च आला ४ कोटी ४५ लाख डॉलर. सरळ भागाकार केला तर एका जोडणीमागे साधारण ३,६६० डॉलर पडतात. शिकागोसारख्या शहरात आज हेच काम कितीतरी पट महाग पडतंय आणि तिथे जवळपास ४ लाख शिशाच्या लाइन अजून जमिनीत आहेत. म्हणून पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या किंवा त्यात रस असणाऱ्या प्रत्येकाने लान्सिंगचं हे प्रकरण नीट बघावं असं मला फार वाटतं. बहुतेक ठिकाणी याची गोष्ट "त्यांनी एक भारी यंत्र शोधून काढलं" एवढ्यावरच संपते, आणि माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच हातातून सुटते.

आधी शहराबद्दल थोडं. लान्सिंग ही मिशिगन राज्याची राजधानी, वस्ती लाख-सव्वा लाखाची, ओल्डस्मोबिल गाड्यांचं गाव, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीच्या धंद्यावर भराभर वाढलेलं. तिथलं पाणी आणि वीज दोन्ही बोर्ड ऑफ वॉटर अँड लाइट नावाची संस्था बघते. ती शहराच्याच मालकीची आहे आणि १८८५ पासून चालू आहे. पाणी नदीचं नाही, विहिरींमधून उपसलेलं भूजल, तेही जड, त्यामुळे चुना वापरून ते मऊ करून मग सोडलं जातं.

आता शिशाचा पाइप कुठे असतो ते सांगतो, कारण यात बरेच लोक गोंधळतात. रस्त्याखालची मोठी मेन, म्हणजे मुख्य जलवाहिनी, शिशाची नसते, ती बिडाची नाहीतर डक्टाइल आयर्नची, म्हणजे सहज न तडकणाऱ्या बिडाची असते. शिशाची असते ती मेनपासून घरापर्यंत येणारी बारीक लाइन, पाऊण किंवा एक इंची, जिला आपण सर्व्हिस लाइन म्हणतो. मेनला भोक पाडून फेरूल म्हणजे जोडणीचा तुकडा बसवायचा, तिथून ही लाइन फुटपाथपाशी असलेल्या स्टॉप कॉकपर्यंत, म्हणजे पाणी बंद करायच्या कळीपर्यंत आणायची, आणि तिथून पुढे घराच्या तळघरातल्या मीटरपर्यंत. शिसं वापरायचे कारण ते मऊ, हाताने वाकतं, जमीन थोडी खचली तरी तुटत नाही आणि टिकतं दोन-तीन पिढ्या. विषारी आहे हे माहीत नव्हतं असंही नाही, तरी अमेरिकेत नवीन शिशाच्या पाइपांवर देशभर बंदी यायला १९८६ उजाडलं. लहान मुलांच्या मेंदूवर याचा जो परिणाम होतो तो नंतर भरून निघत नाही, आणि सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळीच नाही.

तरीही पाइपात शिसं आहे म्हणजे पाण्यात शिसं येणारच असं नसतं. पाइपाच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं एक पापुद्रा धरतो आणि तो पापुद्रा जागेवर राहिला तर पाण्यात शिसं फार उतरत नाही. पाण्याची केमिस्ट्री बदलली की तो विरघळतो नाहीतर सुटतो. वॉशिंग्टन डीसीत नेमकं हेच झालं होतं. तिथे २००० सालच्या शेवटी जंतुनाशक म्हणून क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाली, पापुद्र्याचं गणित बिघडलं, आणि घराघरांत शिशाचे आकडे वर गेले. हे सगळं २००४ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलं आणि देशभर खळबळ माजली. तिथे मग लाइन बदलायची मोहीम निघाली, पण लाइनचा रस्त्यातला भाग पाणी खात्याचा आणि कुंपणाच्या आतला भाग घरमालकाचा, त्यामुळे हजारो घरांत फक्त अर्धी लाइन बदलली गेली. आणि अर्धी बदलणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, कारण कापाकापीत उरलेल्या शिशाचा पापुद्रा हलतो आणि वर तांबं आणि शिसं एकमेकांना जोडले की गॅल्व्हॅनिक क्रियेने शिसं आणखी झिजायला लागतं. म्हणजे दहा कोटी डॉलरच्या वर पैसे घालून नागरिकांच्या पदरात काय पडलं तर नवा धोका.

डीसीची बातमी आली तेव्हा लान्सिंगचे राज्य सिनेटर व्हर्ग बर्नेरो यांनी आपल्या शहराच्या पाणी बोर्डाला सरळ विचारलं की आपल्याकडे किती लाइन शिशाच्या आहेत आणि त्यांचं काय करणार. हेच बर्नेरो पुढे २००६ पासून शहराचे महापौर होते. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. लान्सिंगच्या पाण्याचे नमुने तेव्हा मर्यादेच्या आत होते, अमेरिकेत तेव्हा उपाय करणं भाग पडायची पातळी होती १५ पीपीबी, म्हणजे अब्जात १५ भाग शिसं, आणि कायद्याने त्यांना काहीही करणं भाग नव्हतं. गंजरोधक रसायन टाकून "सगळं ठीक आहे" म्हणत आणखी तीस वर्षं काढता आली असती, आणि बहुतेक शहरांनी तसंच केलं. लान्सिंगने ठरवलं की सगळ्या लाइन काढायच्या, पूर्ण काढायच्या, आणि घरमालकाकडून वेगळा पैसा घ्यायचा नाही, पाणीपट्टीतूनच करायचं.

सुरुवातीला काम जुन्याच पद्धतीने. मेनपासून घरापर्यंत चर खोदायचा, जुना पाइप काढायचा, तांब्याचा टाकायचा, चर बुजवायचा, डांबर, फुटपाथ, हिरवळ सगळं परत करून द्यायचं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते म्हणून पाण्याची लाइन पाचेक फूट तरी खोल असते. एवढा खोल चर म्हणजे बाजू ढासळू नये म्हणून आधार लावावा लागतो, रस्ता बंद, आणि एका घराला अख्खा दिवस. पाइप बदलायला लागणारा पैसा आणि वेळ त्यात थोडाच असतो, बाकी सगळं उकरण्यात आणि उकरलेलं पूर्ववत करण्यात जातं. ज्याने आपल्या गल्लीत रस्ता खोदाईचं बिल कधी बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग बोर्डाच्या स्वतःच्या कामगारांनी, रोज हेच काम करणाऱ्या लोकांनी, पद्धत बदलत नेली. दोनच खड्डे घ्यायचे, एक रस्त्यात मेनच्या डोक्यावर आणि दुसरा स्टॉप कॉकपाशी. पाणी बंद करून जुना शिशाचा पाइप दोन्ही टोकांना कापायचा. त्याच्या पोकळीतून पोलादी केबल ओवायची, एका खड्ड्यातून घातलेली दुसऱ्या खड्ड्यात निघते. लांबच्या टोकाला केबलवर एक अवजार बसतं जे शिशाच्या पाइपाला मागून धरतं, आणि त्याच अवजाराच्या पाठीला नवा तांब्याचा पाइप जोडायचा. मग या बाजूच्या खड्ड्यावर उभ्या असलेल्या बॅकहोने, आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो त्याने, केबल ओढायची. शिसं मातीतून सुटून बाहेर यायला लागतं आणि त्याने सोडलेल्या जागेत मागोमाग तांबं सरकत येतं. परकराची जुनी नाडी काढताना तिच्याच टोकाला नवी बांधून ओढतात ना, तसं. एक नाडी बाहेर पडते तेव्हा दुसरी नेफ्यात बसलेली असते.

ऐकायला सोपं वाटतं पण यात मख्खी आहे ती पकड कुठे आहे यात. शिसं इतकं मऊ की पुढच्या टोकाला धरून ओढलं तर ते ताणलं जाऊन मधेच तुटतं आणि तुकडा आत अडकतो. मग चर खोदावाच लागतो, वर दुप्पट वेळ गेला ते वेगळंच. म्हणून केबल अख्ख्या पाइपातून न्यायची आणि जोर मागच्या टोकावर द्यायचा, म्हणजे पाइप ताणला न जाता मागून ढकलल्यासारखा पुढे येतो. मागून धरलेलं शिसं आखडतं, जाड होतं, पण तुटत नाही. आणि ओढणं एकसारखं हवं, झटके मारून चालत नाही, मातीची पकड सुटेपर्यंत ताण हळूहळू वाढवत न्यायचा. हे मशीनच्या कॅटलॉगात मिळत नाही, जो ऑपरेटर रोज ओढतो त्याच्या हातात येतं. त्या कामगारांबद्दल मला खरंच आदर वाटतो.

याच पद्धतीने पुढचा तुकडा, म्हणजे स्टॉप कॉकपासून तळघरातल्या मीटरपर्यंतचा. त्यासाठी घरात जावं लागतं, मीटर सोडवावा लागतो, भिंतीतून लाइन जिथे शिरते तिथे नवा पाइप घेऊन फट नीट बंद करावी लागते. अंगणातलं झाड, पायरी, ड्राइव्ह-वे यांना हात लागत नाही आणि घरमालकाचा विरोध मावळायचं हे मोठं कारण असतं. बोर्डाच्या सांगण्याप्रमाणे वेळ आणि खर्च दोन्ही जवळपास निम्मे झाले, म्हणजे दिवसाचं काम अर्ध्या दिवसात, त्याच टीमची दिवसाला दोन घरं.

अर्थात प्रत्येक लाइन अशी निघत नाही. पाइपाला मधे काटकोनात वळण असेल तर केबल जात नाही. कधी काळी गळती झाली म्हणून मधे क्लॅम्प लावून दुरुस्ती केलेली असेल तर तो जोड मातीत अडतो. चिकण माती सुकून घट्ट बसली असेल, मुळांनी पाइपाला विळखा घातला असेल, तर चर नाहीतर दुसरं काही. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप असेल तर तो शिशासारखा आखडत नाही, ताठ असतो, आणि आतून गंजून बुजलेला असेल तर केबल ओवायलाच जागा नसते. शिवाय ओढण्याआधी शेजारून गॅसची लाइन, टेलिफोन केबल कुठून जाते ते रंगाने आखून घेतलंच पाहिजे. मिशिगनमध्ये त्यासाठी मिस डिग नावाची व्यवस्था आहे, खोदण्याआधी तिला कळवायचं आणि ज्याची त्याची कंपनी येऊन खुणा करून जाते. चर न खोदणाऱ्या पद्धतीत जमिनीतलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या खुणा उघड्या खोदाईपेक्षा इथे जास्त महत्त्वाच्या.

दुसऱ्या पद्धती का नाहीत हेही थोडक्यात बघू. पाइपाच्या आत प्लास्टिकचं किंवा इपॉक्सीचं अस्तर घालता येतं, पण शिसं जमिनीत तसंच राहतं आणि पुढे कोणी दुरुस्तीला तिथे कापलं की प्रश्न परत उभा. जुना पाइप आतून चिरून बाजूला सारणं आणि त्यातून नवा ओढणं ही पद्धतही आहे, त्यातही शिसं मातीतच पडून राहतं. मोलने म्हणजे जमिनीत ठोके देत पुढे सरकणाऱ्या अवजाराने शेजारून नवीन वाट पाडता येते, पण नवीन वाट म्हणजे नवीन अडथळे. जुन्याच वाटेने जाण्यात फायदा हा की ती वाट शंभर वर्षं मोकळी आहे हे आधीच ठाऊक असतं.

इथे मोठ्या मेनच्या बाबतीतला एक फरक सांगायलाच हवा, कारण आपल्याकडे ट्रेंचलेस, म्हणजे चर न खोदता, म्हटलं की लोकांना वाटतं रस्ता वाचला. मेनला स्लिप लायनिंग करा म्हणजे जुन्या पाइपात बारीक नवा सरकवा, पाइप बर्स्टिंग करा म्हणजे जुना फोडत त्याच जागी नवा ओढा, किंवा रेझिनमध्ये भिजवलेलं अस्तर आत फुगवून कडक करा, मेनचं काम विना-चर होतं हे खरं, पण तिच्यावर प्रत्येक घराची जोडणी असते. बर्स्टिंगमध्ये प्रत्येक जोडणीसाठी खड्डा घ्यावा लागतो. अस्तरात आतून रोबोट पाठवून भोकं पाडता येतात पण प्रत्येक भोकाचा जोड पाणी धरेल याची हमी द्यावी लागते. वर काम चालू असेपर्यंत लोकांना तात्पुरत्या लाइनीवर ठेवायचं. त्यामुळे दाट वस्तीत दर पाच मीटरला जोडणी असलेल्या मेनवर विना-चर पद्धतीचा फायदा बराचसा खड्ड्यांतच जिरतो. जिथे जोडण्या कमी, म्हणजे नदीखाली, रेल्वेखाली, पाणी दूरवर नेणाऱ्या मोठ्या ट्रान्समिशन लाइनवर, तिथे ती खरी कामाला येते. आणि सर्व्हिस लाइनला तर मधे एकही जोडणी नसते, फक्त दोन टोकं, म्हणून लान्सिंगचं तंत्र इतकं चपखल बसलं.

पण एवढं झालं तरी यंत्र हे दुय्यम आहे असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण मालकी. लान्सिंगमध्ये मेनपासून थेट मीटरपर्यंतची लाइन पाणी बोर्डाच्या मालकीची आहे. म्हणजे कुंपणाच्या आतला तुकडा कोणाचा यावर वाद नाही, सार्वजनिक पैसा खासगी जागेत कसा घालायचा यावर कोर्टकचेरी नाही, अर्धी लाइन बदलून अर्धी सोडायची वेळच येत नाही. केबल ओढणाऱ्या टीमला एका फेरीत पूर्ण लाइन काढता येते. लाइन आपली असल्याने कुठे काय टाकलंय याची नोंदही आपल्याकडे.

विस्कॉन्सिन राज्यातलं मॅडिसन हे शहर तर लान्सिंगच्याही आधी, २००१ ला या कामाला लागलं आणि २०१२ च्या सुमारास त्याने ते पुरं केलं, सुमारे ८,००० लाइन. पण तिथे घराकडचा भाग मालकाचा. शहराला आधी घरमालकांवर सक्ती करणारा नियम करावा लागला, निम्मा खर्च एक हजार डॉलरच्या मर्यादेपर्यंत परत द्यायचं ठरवावं लागलं, आणि पाणीपट्टीतून तो पैसा द्यायला राज्याच्या नियामकाने मनाई केली म्हणून पाण्याच्या टाक्यांवर मोबाइल कंपन्यांचे अँटेना लावून त्याच्या भाड्यातून रक्कम उभी करावी लागली. काम त्यांनीही करून दाखवलं, मला त्यांचंही कौतुक आहे, पण जी ताकद लान्सिंगने पाइप ओढण्यात घातली ती मॅडिसनला परवानग्या आणि पैशांच्या वाटा शोधण्यात घालावी लागली.

आणि फ्लिंट. मिशिगनमधलंच शहर, लान्सिंगपासून गाडीने तासाभरावर. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला तिथे नदीचं पाणी घेतलं, गंजरोधक रसायन टाकलंच नाही, पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरलं, आणि पुढे काय झालं ते सगळ्या जगाने बघितलं. मार्च २०१६ मध्ये तिथे लाइन बदलायला सुरुवात झाली तेव्हा लान्सिंगच्याच टीमने जाऊन हे तंत्र दाखवलं. तंत्र तेच, शिकवणारी माणसंही तीच, पण फ्लिंटचं काम रखडतच गेलं. कारण कुठल्या घराला कुठला पाइप हेच माहीत नव्हतं, नोंदी होत्या ४५,००० जुन्या कार्डांवर, अर्ध्यामुर्ध्या आणि बऱ्याच चुकीच्या. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या लोकांनी संगणकावर अंदाज बांधणारं मॉडेल करून दिलं, ते चांगलं चाललंही, पण मधे ते बाजूला ठेवून सरसकट खोदाई झाली आणि तांब्याच्या लाइन उघड्या करण्यात पैसा गेला. जुलै २०२५ मध्ये राज्याने कोर्टाला काम झाल्याचं कळवलं तेव्हा हिशोब असा होता की जवळपास ११,००० लाइन बदलण्यासाठी २८,००० हून जास्त घरांपाशी खोदून बघावं लागलं. लान्सिंगपेक्षा कमी लाइन, आणि खड्डे बघा किती.

आपल्याकडे शिशाच्या लाइनचा प्रश्न असा नाही, आपल्याकडे जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप आहेत, पण मालकीचा मुद्दा मात्र जसाच्या तसा लागू पडतो. मुंबईत मेनवरून जोडणी घ्यायची तर परवानाधारक प्लंबर गाठून आपल्या खर्चाने लाइन टाकायची आणि पुढे ती सांभाळायचीही आपणच. त्याचा परिणाम वस्त्यांमध्ये डोळ्यांनी दिसतो, गटाराच्या कडेने आणि कित्येकदा गटारातूनच गेलेला पाऊण इंची पाइपांचा जुडगा, गंजलेला, जागोजागी रबर बांधलेला. पाणी दिवसातून दोन-चार तास, बाकी वेळ पाइप रिकामा, आतला दाब गेला की बाहेरचं घाण पाणी भोकातून आत ओढलं जातं, आणि पाणी आल्यावर पहिली बादली तीच. मेन कितीही नवीन टाका, शेवटचे वीस मीटर असे असतील तर कावीळ आणि जुलाब थांबत नाहीत. त्या वीस मीटरची जबाबदारी गल्लीतल्या एकेका कुटुंबावर टाकून चालणार नाही, ती पालिकेने घेतलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा ती घेतली की दोन खड्डे आणि केबल आपल्यालाही परवडेल, कारण अरुंद गल्लीत चर खोदणं तर लान्सिंगपेक्षा आपल्याकडे कितीतरी अवघड आहे. फक्त गंजलेला जीआय ओढताना तुटणार हे धरून चालावं लागेल, आणि वाटच गटारातून असेल तर तीच वाट परत वापरायची नाही, तिथे मोलने नवी वाट पाडावी लागेल.

लान्सिंगच्या यशात आणखी एक गोष्ट आहे जी आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे बारा वर्षं सलग काम. तीच संस्था आणि तिचेच कामगार. शहराचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी वेगळं करायचं मोठं काम त्याच काळात चालू होतं, तर जिथे रस्ता उघडा होणारच होता तिथल्या शिशाच्या लाइन त्याच वेळी उरकून घेतल्या. दरवर्षी नवीन टेंडर आणि नवीन ठेकेदार असं झालं असतं तर ओढायची हातोटी दरवर्षी नव्याने शिकावी लागली असती. सरासरी काढली तर वर्षाला हजारेक लाइन, यात डोळे दिपण्यासारखं काही नाही, पण मधे थांबले नाहीत.

२०१८ मध्ये मिशिगनने राज्यभर नियम केला की सगळ्या शिशाच्या लाइन वीस वर्षांत काढायच्या, पूर्ण काढायच्या आणि खर्च पाणी संस्थेने करायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने बहुतेक सगळ्या शहरांना त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. तोवर लान्सिंगचं काम संपून आठ वर्षं होत आली होती. तरी तिथे नमुने तपासणं आणि गंजरोधक रसायन टाकणं अजून चालू आहे, कारण मीटरच्या पुढे घराच्या आत पितळी तोट्या आणि जुन्या पाइपांच्या जोडांवरचं शिशाचं सोल्डर आहेच, आणि ते काही केबल लावून ओढता येत नाही.